अफगान व्हिग्जचं 'अनब्रेकेबल' कसं ऐकायचं

अफगान व्हिग्ज हा रॉक बँड कुठून ऐकायला घेऊ असं कोणी विचारलं की मी 'अनब्रेकेबल' हे त्यांच्या निवडक गाण्यांचं संकलन सांगते, आणि लगेच वर जोडते की नुसतं प्ले दाबून सोडून देऊ नकोस. सीडी झकास आहे पण तिची मांडणी अशी केलीय की नवीन माणसाला गाणी आवडतात आणि बँडची गोष्ट मात्र कळतच नाही, हा बँड सोल म्युझिकच्या, म्हणजे काळ्या अमेरिकन लोकांच्या त्या भावनेने ओथंबलेल्या गाण्यांच्या, एवढा प्रेमात का होता, कधीपासून होता, ते प्रेम गाण्यात नेमकं दिसतं कुठे, हे सगळं हातातून निसटतं. म्हणून थोडे कष्ट घ्यायचे. दोनतीन आठवडे आरामात लागतील, घाई कोणाला आहे.

ज्यांना नावच नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. नावात अफगान असलं तरी अफगाणिस्तानशी काडीचा संबंध नाही, बँड अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा, १९८६ ला सुरू झालेला. ग्रेग डूली गाणार आणि गिटार वाजवणार, रिक मॅकॉलम लीड गिटार, जॉन कर्ली बेस, स्टीव्ह अर्ल ड्रम्स (तो कंट्रीवाला स्टीव्ह अर्ल वेगळा, सर्च केलं की हमखास तोच वर येतो, फसू नका). २००१ मध्ये बँड फुटला, २००६ मध्ये डूली, कर्ली आणि मॅकॉलम परत भेटले, दोन नवी गाणी रेकॉर्ड केली आणि २००७ मध्ये ऱ्हायनो लेबलने हे १८ गाण्यांचं संकलन काढलं, काळ १९९० ते २००६. बँड आधी सब पॉपवर, मग इलेक्ट्रावर, मग कोलंबियावर असा फिरला होता, त्यामुळे तिन्ही लेबलांवरची गाणी एका जागी मिळणं ही मोठीच सोय. १९८८ चा अगदी पहिला अल्बम यात धरलेला नाही, आणि माझ्या मते त्याने काही अडत नाही.

तर पहिलं काम. सीडी जशी आहे तशी एकदा सलग ऐका, हेडफोन लावून, लिरिक्स न उघडता. एका सीडीत मावतं म्हणजे ८० मिनिटांच्या आतच आहे, एक प्रवास किंवा एक रविवारची दुपार. लिरिक्स उघडू नका असं म्हणतेय कारण डूलीचे शब्द लगेच लक्ष खेचून घेतात आणि मग खाली काय वाजतंय ते ऐकायचं राहूनच जातं. पहिल्या फेरीत कान कर्लीच्या बेसवर ठेवा. वर गिटार किती का किंचाळेना, खाली बेस आणि ड्रम्स बऱ्याचदा जुन्या सोल रेकॉर्डसारखे चालतात, जागा सोडत, थोडं मागे रेलून. दुसरं म्हणजे मॅकॉलमची गिटार ऐका, तो कॉर्ड बडवण्यापेक्षा स्लाइडने, म्हणजे तारांवरून नळी सरकवत, सूर ओढत बसतो आणि त्या काळच्या सिॲटलवाल्या बँडांपेक्षा हे लोक वेगळे का वाटतात याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आणि हो, डूलीच्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवते. तो सुरात पक्का गायक अजिबात नाही. वरच्या सुरात जायला बघतो, आवाज फाटतो, कधी सूर खालीच राहतो, आणि तरी गडी मागे हटत नाही. मार्विन गे किंवा अल ग्रीन या सोल गायकांच्या गळ्याची अपेक्षा ठेवून ऐकलंत तर पहिल्या चार गाण्यांत बंद कराल. त्याने सोलकडून गोड गळा उचललेलाच नाहीये, त्याने उचललाय तो पवित्रा, म्हणजे समोरच्याला गाण्यातून विनवायचं, पटवायचं, धमकवायचं, परत विनवायचं. हे एकदा ध्यानात आलं की फाटलेला आवाज खुपायचा थांबतो, निदान माझा तरी थांबला.

आता थोडा भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं काही लागत नाही. सब पॉप म्हणजे सिॲटलचं लेबल, निर्वाणा बँडवालं, आणि अमेरिकेच्या त्या वायव्य कोपऱ्याबाहेरचे जे बँड त्यांनी सुरुवातीला घेतले त्यात हे लोक होते. झालं, लोकांनी यांनाही ग्रंजच्या, म्हणजे सिॲटलच्या त्या खरखरीत गिटारच्या रॉकच्या, खणात टाकून दिलं. पण सिनसिनाटी कुठे आणि सिॲटल कुठे. सिनसिनाटी ओहायो नदीच्या काठावर, नदी ओलांडली की केंटकी, म्हणजे दक्षिण सुरूच झाली. याच शहरात किंग रेकॉर्ड्स होतं, १९४३ मध्ये सुरू झालेलं, आणि सोल गायक जेम्स ब्राउनचं १९५६ चं 'प्लीज प्लीज प्लीज' इथेच रेकॉर्ड झालं, १९६७ चं 'कोल्ड स्वेट' पण इथलंच. आयझली ब्रदर्स याच भागातले, बूटसी कॉलिन्स इथला. डूली जवळच्याच हॅमिल्टन गावचा. त्यामुळे याला सोल कुठून लांबून शोधून आणावं लागलं नाही, ते गावातच होतं. म्हणून दुसरं काम असं की एक संध्याकाळ या बँडला पूर्ण सुट्टी द्या आणि वरची दोन जेम्स ब्राउनची गाणी ऐका. 'प्लीज प्लीज प्लीज'मध्ये शब्द जवळजवळ नाहीतच, एकच विनवणी परत परत, आणि डूलीच्या निम्म्या गाण्यांचा सांगाडा तुम्हाला तिथे उघडाच दिसेल.

तिसरं काम माझ्या सगळ्यात आवडीचं आहे आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. संकलनात सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं 'कम सी अबाउट मी' व्हिग्जनी गायलेलं आहे, ते मुळात त्यांच्या 'अपटाउन अव्हॉन्डेल' नावाच्या १९९२ च्या ईपीवरचं (ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड). अव्हॉन्डेल म्हणजे सिनसिनाटीतलीच एक जुनी, मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती. जवळजवळ अख्खी ईपी सोल कव्हर्सची, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने गायलेली, आणि लक्षात घ्या हे १९९२ साल आहे, जेव्हा सगळे फ्लॅनेलचे शर्ट घालून डिस्टॉर्शन वाढवत बसले होते तेव्हा हे लोक सुप्रीम्स आणि अल ग्रीन वाजवत होते. ती ईपी शोधा आणि त्यातलं प्रत्येक कव्हर जोडीने ऐका, आधी मूळ आणि मग यांचं, उलटं अजिबात करू नका. आपण एकच नाट्यपद आधी बालगंधर्वांच्या रेकॉर्डवर ऐकतो आणि मग दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकून बघतो ना की याने कुठे थांबा घेतला, कुठला शब्द दाबला, तसंच ऐकायचं.

'कम सी अबाउट मी' पासून सुरू करा. मूळ गाणं १९६४ चं, मोटाउन या सोल लेबलचं, हॉलंड डोझियर हॉलंड या तिघांनी लिहिलेलं, डायना रॉस गातेय, टाळ्या आणि ठेका असा की पाय आपोआप हलतो, आणि शब्द बघाल तर सोडून गेलेल्या माणसाला ये रे भेटायला असं विनवणं. म्हणजे नाचायचं गाणं आणि आत रडणं. व्हिग्ज काय करतात तर त्यातला नाच काढून टाकतात, गाणं जड करतात, आणि जी विनवणी होती तिच्यात एकदम धाक आल्यासारखा वाटतो, की भेटायला ये, नाही आलीस तर बघ. शब्द तेच हं.

मग 'बँड ऑफ गोल्ड'. फ्रीडा पेनचं १९७० चं गाणं, लग्नाच्या रात्रीच सगळं फिसकटतं, नवराबायको वेगवेगळ्या खोल्यांत आणि बाईच्या हातात उरते फक्त अंगठी. आता इथे गंमत अशी की हेही त्याच तिघांच्या घरातून आलेलं, मोटाउन सोडल्यावर त्यांनी स्वतःचं इन्व्हिक्टस लेबल काढलं त्यावरचं, फक्त कायदेशीर भांडणामुळे नाव खोटं लावलेलं. आणि व्हिग्जच्या रेकॉर्डवर हे बाईचं गाणं गातो पुरुष. इथे दोनदा ऐका, माझं म्हणणं आहे की डूलीचं पुढचं सगळं लिखाण इथून फुटतं, कारण दुखावलेल्या बाईच्या तोंडचे शब्द तो स्वतःच्या तोंडी घेऊन बघतो आणि पुढच्याच वर्षी ज्या पुरुषाने दुखावलं त्याच्या तोंडचा एक अख्खा अल्बम लिहितो. अल ग्रीनचं 'बिवेअर' पण आहे त्यावर, ते रात्री ऐका. पर्सी स्लेजने गायलेलं 'ट्रू लव्ह ट्रॅव्हल्स ऑन अ ग्रॅव्हल रोड' मला तेवढं भिडलं नाही, बघा तुम्हाला कसं वाटतं.

हे झालं की मूळ सीडीकडे परत या आणि आता ती मोडायची. म्हणजे प्लेलिस्ट बनवून सगळी गाणी सालाप्रमाणे लावायची. सीडीवर क्रम पूर्ण विस्कटलेला आहे, सुरुवात १९९० च्या अल्बममधल्या गाण्याने, लगेच १९९८ चं, मग परत मागे, नवीन दोन गाणी मध्येच पेरलेली आणि शेवट १९९६ च्या 'फेडेड'ने. ऐकायला छान लागतं, लाइव्ह शोचा सेट असावा तसं, पण बँड कसा बदलत गेला ते अजिबात कळत नाही. एक प्रॅक्टिकल गोष्ट, स्ट्रीमिंग ॲपवर संकलनातल्या गाण्यांना साल २००७ चिकटलेलं दिसतं, त्यावर विसंबू नका, गाणं मूळ कुठल्या अल्बमवरचं ते बघून लावा. 'जंटलमेन'ची २०१४ ची रीइश्यू आहे तिथेही तेच, साल २०१४ दिसलं तरी गाणी १९९३ चीच. संकलन तुमच्या ॲपवर नसेल तर काही अडत नाही, मूळ अल्बमांतून गाणी उचलून तीच यादी बनवा, फक्त ती दोन नवीन गाणी तेवढी शोधावी लागतील. आवाजाची पातळी आपोआप सारखी करायचं सेटिंग असतं ना ते चालू ठेवा, १९९० ची रेकॉर्डिंगं पातळ आणि कर्कश आहेत, १९९८ ची भरदार, नाहीतर सारखा हात व्हॉल्यूमवर.

सालाप्रमाणे लावल्यावर काय ऐकायचं. 'अप इन इट', १९९०: सगळा आरडाओरडा, सोलचा फक्त वास येतो, इथे फार थांबू नका. 'काँग्रिगेशन', १९९२: इथे पहिल्यांदा गाणी श्वास घ्यायला लागतात. या अल्बमच्या शेवटी एक लपवलेलं गाणं आहे, 'माइल्स इज डेड', सप्टेंबर १९९१ मध्ये जॅझवाला माइल्स डेव्हिस गेला त्यावरून नाव पडलेलं, ते चुकवू नका. मधे ती कव्हर्सची ईपी ठेवा, तुम्हाला आता माहितीच आहे ती. मग १९९३, 'जंटलमेन', आणि इथे प्लेलिस्ट थांबवा.

कारण 'जंटलमेन' तुकड्यात ऐकायचा अल्बमच नव्हे. संकलनावर यातली गाणी आहेत, 'डेबोनेर' आहेच, पण हा एका तुटणाऱ्या नात्याचा अल्बम आहे आणि सांगणारा माणूस स्वतःच खलनायक आहे, खोटं बोलतो, ते त्याला माहितीये, आणि वर त्याचा तोरा पण मिरवतो. मला स्वतःला बाई म्हणून पहिल्यांदा ऐकताना राग आलेला, की हा बाबा कबुली देतोय का बढाई मारतोय. अजूनही पूर्ण उत्तर मिळालेलं नाही, पण अल्बममध्येच त्याला एक तोड आहे. मधे 'माय कर्स' येतं आणि ते डूली गातच नाही, स्क्रॉल नावाच्या ओहायोतल्याच बँडची मार्सी मेज गाते. तोपर्यंत एकतर्फी ऐकलेल्या भांडणात अचानक दुसरी बाजू बोलायला लागते, आणि तिच्याकडे बघून कळतं की आतापर्यंत काय काय झालंय. म्हणून सांगते क्रमाने ऐका, 'माय कर्स' सुटं ऐकलंत तर नुसतं एक चांगलं दुःखी गाणं वाटेल. आता लिरिक्स उघडायला हरकत नाही. घरात मोठा स्पीकर लावून मात्र नका ऐकू, शब्द सगळेच काही चारचौघांत ऐकण्यासारखे नाहीत आणि इंग्रजी सगळ्यांनाच कळतं हल्ली.

याच अल्बमवर टायरोन डेव्हिसचं 'आय कीप कमिंग बॅक' आहे, परत एक सोल कव्हर, आणि ते शेवटाकडे असं चपखल बसवलंय की माहीत नसेल तर डूलीनेच लिहिलं असं वाटावं. ईपीवर जे वेगळं ठेवलं होतं ते इथे गोष्टीत विरघळलं. रेकॉर्डिंगची जागा पण बघा, बरंचसं काम मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत झालं, जिथे आयझॅक हेजचा १९६९ चा 'हॉट बटर्ड सोल' रेकॉर्ड झाला होता आणि बिग स्टारचे अल्बमही. एका बाजूला सोल, दुसऱ्या बाजूला गिटार पॉप, दोन्हीची पाळंमुळं एकाच छपराखाली. वेळ असेल तर हेजचं बारा मिनिटांचं 'वॉक ऑन बाय' याच आठवड्यात ऐकून टाका, गाणं किती हळू तापवता येतं ते कळेल आणि पुढच्या अल्बमला उपयोगी पडेल.

पुढचा म्हणजे १९९६ चा 'ब्लॅक लव्ह'. स्टीव्ह अर्ल एव्हाना गेला होता, ड्रम्सवर पॉल बुकिग्नानी. हा अंधारा, जुन्या गुन्हेगारी सिनेमांच्या धर्तीचा अल्बम, खून, सूड, जाळपोळ असं सगळं. समीक्षक याला 'जंटलमेन'च्या खाली ठेवतात, मला ते तितकंसं पटत नाही, निदान 'फेडेड'साठी तरी. आठ मिनिटांचं गाणं, पियानोपासून हळूहळू चढत जातं, आणि डूलीचा आवाज इथे जेवढा उघडा पडतो तेवढा कुठेच नाही. संकलनाचा शेवट याने केलाय ते बरोबरच, यानंतर दुसरं काही लावता येत नाही. तुमच्या सालवार प्लेलिस्टमध्ये मात्र याच्यानंतर १९९८ येतं आणि तिथे जरा धक्का बसतो, तो बसू द्या.

'१९६५' या अल्बमचं नाव म्हणजे डूलीचं जन्मसाल. काम न्यू ऑर्लिन्समध्ये केलं आणि ते ऐकू येतंच, ब्रास सेक्शन, मागे गाणाऱ्या बायका, ठेका कमरेत. 'समथिंग हॉट', 'क्रेझी', '६६', ही गाणी लावून स्वयंपाक करता येतो, 'जंटलमेन' लावून नाही करता येत. ड्रम्सवर आता मायकल हॉरिगन. बँडला सोल बँड म्हणायचंच असेल तर इथे म्हणा. फक्त एक, १९९२ च्या कव्हर्समध्ये जो धाक होता तो इथे बराचसा मावळलाय, माणूस सुखात दिसतो. कोणाला हा सगळ्यात आवडतो, कोणाला फार गुळगुळीत वाटतो. मी मंगळवारी एका बाजूला असते आणि शनिवारी दुसऱ्या.

राहिली ती २००६ ची दोन गाणी, 'आय ॲम अ सोल्जर' आणि 'मॅगझीन'. ती प्लेलिस्टच्या शेवटी लावा. वाईट नाहीत, पण मला ती व्हिग्जपेक्षा डूलीच्या मधल्या काळातल्या ट्वायलाइट सिंगर्स या दुसऱ्या बँडच्या जवळची वाटतात. ते ऐकायचं असेल तर २००३ चा 'ब्लॅकबेरी बेल' घ्या. आणि कव्हर्सची चटक लागलीच असेल तर २००४ चा 'शी लव्हज यू', तो पूर्णच दुसऱ्यांच्या गाण्यांचा.

अधूनमधून तोंडी लावायला दोन गोष्टी. १९९६ च्या 'ब्यूटिफुल गर्ल्स' या सिनेमात हा बँड स्वतः बारमध्ये वाजवताना दिसतो, बॅरी व्हाइटचं गाणं घेतलंय, तो सीन शोधून बघा, डूलीचा तोरा बघायला मिळतो. आणि फू फायटर्सचा १९९५ चा पहिला अल्बम डेव्ह ग्रोलने जवळजवळ एकट्याने वाजवला, त्यात बाहेरचा एकच माणूस आहे, 'एक्स-स्टॅटिक'वर गिटार वाजवणारा, तो हाच डूली.

संकलनाचा काळ २००६ ला संपतो पण बँड नाही संपला, त्यामुळे तुमच्या यादीला शेपूट जोडावं लागणार. २०१२ मध्ये ते परत एकत्र आले आणि पहिल्यांदा बाहेर काय आलं तर परत कव्हर्सच, एक मेरी 'क्वीनी' लायन्स या फारशा माहीत नसलेल्या सोल गायिकेचं 'सी अँड डोंट सी' आणि दुसरं फ्रँक ओशनचं 'लव्हक्राइम्स', म्हणजे तेव्हाचा अगदी ताजा माल. ही दोन पाठोपाठ लावा, मधे काही नको, दोघांची मूळ गाणी पण आधी ऐकाच. मग २०१४ चा 'डू टू द बीस्ट', यात मॅकॉलम नाही आणि त्याची ती स्लाइड गिटार नसणं पहिल्या दोन गाण्यांतच जाणवतं, मग २०१७ चा 'इन स्पेड्स', आणि २०२२ चा 'हाउ डू यू बर्न', त्यात गायक मार्क लॅनेगनचा आवाज आहे, तो त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला. प्रत्येकातून दोनतीन गाणी पुरेत. कुठली ते मी सांगत नाही, एवढं सगळं ऐकून झाल्यावर तुमची तुम्हाला निवडता येतील, आणि 'इन स्पेड्स'मधलं 'डेमन इन प्रोफाइल' घेतलं नाहीत तर मात्र मी वाद घालायला येईन.